‘पुढे काय लिहू?’ – अडलेली गोष्ट आणि आपण मोठी माणसं



कथालेखनाच्या तासाला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘मॅडम, काही सुचतच नाही.’ दुसरं, तीन-चार ओळी लिहून झाल्यावर येतं, ‘पुढे काय लिहू?’ आपली उत्तरंही ठरलेली असतात. ‘जरा डोकं चालव’, ‘वाचन वाढव’, नाहीतर मग वैतागून आपणच गोष्ट सांगून टाकतो आणि वर्गातली चाळीस मुलं एकच गोष्ट चाळीस वह्यांत उतरवतात. घरी पालक गाइड उघडून देतात. हल्ली मोबाइलला सांगितलं की तो अर्ध्या मिनिटात तात्पर्यासकट गोष्ट काढून देतो.

माझं मत असं आहे की ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्या मुलाकडे कल्पनाशक्ती कमी नसते. बहुतेक वेळा त्याच्याकडे विषय असतो, अनुभव असतो, सांगायची हौसही असते. त्याला नेमके कोणते प्रश्न स्वतःला विचारायचे ते माहीत नसतं. आणि ते प्रश्न आपण शिकवत नाही, कारण आपण गोष्टीची सुरुवातच उलट्या टोकाकडून करून देतो.

मोठ्या लेखकांचंही लिखाण अडतं. इंग्रजीत त्याला ‘रायटर्स ब्लॉक’ म्हणतात. एडमंड बर्गलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९४० च्या दशकात हा शब्द रूढ केला आणि त्याचं मूळ लेखकाच्या मनाच्या तळाशी शोधलं. आपल्या आठवीतल्या मुलासाठी इतक्या खोलात जायची गरज नाही. त्याचं अडणं वहीतच दिसतं. कुठल्या ओळीनंतर पेन थांबलं ते बघितलं, तर का थांबलं तेही बहुधा कळतं.

तात्पर्य आधी, गोष्ट नंतर

आपल्याकडे कथालेखन म्हणजे मुद्द्यांवरून कथा लिहिणे, अपूर्ण कथा पूर्ण करणे, दिलेल्या शब्दांवरून कथा तयार करणे. शेवटी शीर्षक आणि तात्पर्य. या प्रकारांना माझा विरोध नाही. मुद्दे दिले की प्रसंगांचा क्रम लावायची सवय होते आणि परीक्षेच्या वेळेत लिहून होतं. पण मुद्द्यांमध्ये गोष्ट आधीच कुणीतरी रचलेली असते. गरीब लाकूडतोड्या, हरवलेली थैली, प्रामाणिकपणा, बक्षीस. मुलाने फक्त मधल्या जागा वाक्यांनी भरायच्या असतात. अशी पाच वर्षं गेली की मुलाला वाटायला लागतं, गोष्ट म्हणजे एखादी शिकवण आणि तिला चिकटवलेली माणसं.

मग कधीतरी आपण त्याला सांगतो, ‘तुझ्या मनाने गोष्ट लिही.’ तो काय करतो? आधी शिकवण शोधतो. पाणी वाचवा. झाडे लावा. मोठ्यांचा मान राखा. शिकवण सापडली की एक माणूस उभा करतो. तो माणूस एक चूक करतो, त्याला पश्चात्ताप होतो, गोष्ट संपते. हे सगळं चार ओळींत होतं. पाचव्या ओळीला लिहायला काही उरत नाही, कारण शेवट पहिल्या ओळीच्या आधीच ठरलेला होता. आपण त्याला ‘सुचत नाही’ म्हणतो. खरं म्हणजे त्याच्या पात्राला करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

त्यात आपला लाल पेन. पहिल्याच ओळीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक गोल करून दाखवली की मूल पुढची ओळ लिहिताना गोष्टीचा विचार करत नाही, वेलांटीचा करतो. शुद्धलेखन हवंच, पण ते दुसऱ्या खर्ड्यात. पहिला खर्डा फक्त ‘पुढे काय झालं’ यासाठी असावा.

‘आमच्याकडे काय घडतं?’

वाघोलीतल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आडवी येते. आपल्या आसपास गोष्टीसारखं काही नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. गोष्ट म्हणजे जंगल, राजा, आजोळ, नदीकाठचं गाव. डंपर, टँकर, नवी सोसायटी, केसनंद फाट्यावरचं ट्रॅफिक ही कथेत यायची चीज आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

जरा गावाकडे बघा. अगदी कालपर्यंत इथे ग्रामपंचायत होती. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावं आली त्यात वाघोली आली. एकाच वर्गात तीन वाघोल्या बसतात. एक जुन्या घरांमधली, जिला वाघेश्वराची यात्रा आणि पिलाजीराव जाधवरावांची समाधी ठाऊक आहे. दुसरी सोसायट्यांमधली, आयटीतली नोकरी आणि घराचा हप्ता यांच्यामागे इथे आलेली. तिसरी दगडखाणींची, पत्र्याच्या खोल्यांची, बांधकामांच्या साइटवरची. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी वडारी, बंजारा, कन्नड, हिंदी किंवा भोजपुरी. नगर रोडचं नाव आता अहिल्यानगर रस्ता झालं तरी सगळे त्याला नगर रोडच म्हणतात. पण त्या रस्त्याने घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा रस्ता वेगळा आहे.

शाळांचंच घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-धाराशिव भागातली सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्यात आणली. त्यातूनच वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. पुढे तिथे मेळघाटातली मुलं आली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरची मुलं आली. ‘संतुलन’ संस्थेने खाणमजुरांच्या मुलांसाठी खाणींजवळ पाषाणशाळा चालवल्या. जिथे इतक्या ठिकाणची मुलं घर सोडून येऊन राहिली, तिथल्या मुलाने ‘आमच्याकडे काय घडतं?’ म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. त्याचा अर्थ त्याला इतकाच समजलाय की त्याचं जगणं वहीत यायच्या लायकीचं नाही. माझ्या दृष्टीने प्रश्न गुणांपेक्षा इथे मोठा आहे.

खाणीतली एक गोष्ट

याला उत्तर म्हणून आपल्याच भाषेतली एक कथा शिक्षकांनी पुन्हा वाचावी असं मी सुचवेन. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’. आठवी-नववीच्या मुलांसाठी ती भयानक आहे, म्हणून आधी आपल्यासाठीच वाचा. अण्णा भाऊ शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. पण गोष्ट कशी उभी राहते हे त्यांच्याकडून शिकता येतं.

कथेतला भीमा वारणाकाठचा. पोटासाठी मुंबईला येतो आणि उपनगरातल्या एका दगडाच्या खाणीत काम धरतो. बायको आहे, लहान मुलगी आहे. खाण बंद पडते. आता काय? एके दिवशी मसणातल्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तो राख चाळायला लागतो, पुढे मढी उकरायला लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. बोटं कापावी लागतात आणि तेव्हाच कळतं की खाण पुन्हा सुरू झाली आहे. दगड फोडणारे हात आता त्याच्याकडे नाहीत.

या कथेला तात्पर्य लिहा म्हटलं तर आपली पंचाईत होईल. ‘लोभ वाईट’ म्हणावं तर भीमा लोभी नाही, त्याला काम हवंय. ‘कष्ट करावेत’ म्हणावं तर त्याच्या कष्टाला कुणी गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा भाऊंनी आधी शिकवण ठरवून मग माणूस शोधला असता, तर ही कथा दुसऱ्या पानावर अडली असती. त्यांनी एक माणूस घेतला, त्याला एक गरज दिली, गरजेच्या वाटेत एक बंद दार उभं केलं आणि तो काय करतो ते पाहत गेले. प्रत्येक पुढचा प्रसंग आधीच्या प्रसंगातून निघतो. भावडी, लोणीकंद, वाघोली या पट्ट्यातल्या खाणींजवळ शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना यापेक्षा जवळचं उदाहरण कुठे मिळणार?

एक कल्पना, तीन ओळी आणि थांबलेलं पेन

आता प्रत्यक्ष वर्गात हे कसं करायचं ते पाहू. समजा, सातवीतल्या एका मुलीने लिहिलंय :

‘काका टँकर चालवतात. ते रोज सोसायट्यांना पाणी देतात. पण त्यांच्या स्वतःच्या घरी पाणी नसते.’

इथे पेन थांबलं. कल्पना चांगली आहे, वाघोलीतल्या कुणालाही पटेल अशी आहे. मग गोष्ट का अडली? कारण ही अजून परिस्थिती आहे. ती रोजच तशी आहे, उद्याही तशीच राहील. आपण काही बोललो नाही तर चौथी ओळ ठरलेली : ‘म्हणून आपण पाणी जपून वापरले पाहिजे.’

या मुलीला गोष्ट सांगू नका. तिला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं तिची तिला देऊ द्या.

पहिला प्रश्न : ही गोष्ट नेमकी कुणाची? काकांची, काकूंची, सोसायटीच्या वॉचमनची की काकांच्या मुलीची? ती म्हणेल, ‘मुलीची. माझ्याएवढी.’ छान. आता गोष्ट तिच्या डोळ्यांनी दिसेल.

दुसरा प्रश्न : तिला आज काय हवंय? ‘पाणी’ हे उत्तर पुरेसं नाही, पाणी सगळ्यांनाच रोज हवं असतं. आजच का हवं? मूल जरा विचार करतं आणि काहीतरी छोटं सांगतं. उद्या २६ जानेवारी आहे. तिला लेझीमच्या पहिल्या रांगेत उभं केलंय. पांढरा गणवेश खाणीच्या धुळीने राखाडी झालाय. तिला दोन बादल्या पाणी पाहिजे. बघा, ‘पाणीटंचाई’ या मोठ्या विषयाच्या दोन बादल्या झाल्या. गोष्टीला इतकंच पुरतं.

तिसरा प्रश्न : आडवं काय येतं? दुपारी वडील जेवायला घरी येतात. दारात १० हजार लिटरचा भरलेला टँकर उभा आहे. पण ते पाणी सोसायटीचं. टँकर रिकामा होताना तिथे माणूस उभा राहून बघतो, कमी भरलं तर मालकाला फोन जातो. वडील म्हणतात, ‘यातलं थेंबभर नाही मिळायचं.’ आता अडथळा दुष्काळ नाही, सरकारही नाही. तिचे स्वतःचे वडील आहेत आणि तेही बरोबर आहेत. दोन्ही माणसं बरोबर असली की गोष्टीत जीव येतो.

चौथा प्रश्न : मग ती काय करते आणि त्याचं काय होतं? इथे वर्गातली मुलं एकदम बोलायला लागतात. कुणी म्हणेल, ती शेजारी मागायला जाते. कुणी म्हणेल, धूळ झटकून तसाच गणवेश घालते. कुणी म्हणेल, वडील जेवत असताना ती टँकरच्या मागचा कॉक उघडून गुपचूप दोन बादल्या भरते. यातली कोणतीही वाट घ्या, पण तिची किंमत त्या मुलीला मोजायला लावा. शेवटची वाट घेतली तर वडील बाहेर येतात तेव्हा मागच्या चाकाजवळची माती ओली आहे. त्यांनी पाहिलं का? पाहिलं तर ते काय बोलतात? की काहीच न बोलता कॉक घट्ट करून गाडीत बसतात?

हा शेवट तुम्ही ठरवू नका. ‘काहीच बोलत नाहीत’ असं एखाद्या मुलाने लिहिलं आणि तात्पर्याची जागा मोकळी सोडली, तर ती मोकळीच राहू द्या. वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळलेलं असतं.

कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतं, तो काय करतो आणि त्याचं काय होतं. हे चार प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवायला हरकत नाही.

तरीही अडलंच तर

चार प्रश्न विचारूनही गोष्ट मध्येच अडते. त्यासाठी काही साधे उपाय आहेत.

अडलेल्या ओळीवर बसून राहू नका, दोन ओळी मागे जा. चूक बहुधा तिथे असते. पात्राने तिथे काहीतरी असं केलेलं असतं, जे त्याने केलंच नसतं. किंवा अडचण तिथे इतक्या सहज सुटलेली असते की पुढे गोष्टच उरत नाही. ‘तेवढ्यात एक श्रीमंत माणूस आला’ अशी ओळ सापडली की ती खोडायची. गोष्ट बहुतेक वेळा तिथूनच पुन्हा चालू लागते.

दुसऱ्या पात्राला बोलू द्या. मुलगी गप्प असेल तर आई काय म्हणते? संवाद लिहायला मुलांना सोपे जातात, कारण ते कानात असतात. ते प्रमाणभाषेत असलेच पाहिजेत असा हट्ट नको. खाणीवरची बाई पुस्तकासारखी बोलली तर ती गोष्ट त्या मुलालाही खोटी वाटते.

जो प्रसंग डोळ्यांसमोर आहे तो आधी लिहा. शेवट दिसत असेल तर शेवट. सुरुवात नंतर जोडता येते. हे वहीत करणं मुलांना चुकीचं वाटतं, म्हणून सुट्या कागदांवर करून घ्या.

काहीच सुचत नसलेल्या मुलासाठी इटलीच्या जान्नी रोदारींची युक्ती वापरा. ते मुलांसाठी लिहायचे आणि काही काळ शिक्षकही होते. १९७३ च्या आपल्या ‘कल्पनेचं व्याकरण’ या अर्थाच्या पुस्तकात त्यांनी सांगितलंय की एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवा, त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. आपण ‘डंपर’ आणि ‘गजरा’ घेऊ. डंपरमध्ये गजरा कुणी ठेवला? मूल उत्तर द्यायला लागलं की ‘सुचत नाही’ मागे पडतं.

आणि आधी तोंडी सांगू द्या. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. पण पुस्तकाची घडण बघा. त्यात प्रकरणं नाहीत, ४२ रात्री आहेत. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो. सगळं पुस्तक सांगण्याच्या ओघात आलंय. समोर ऐकणारं माणूस असलं की गोष्ट सहसा अडत नाही, कारण तो मध्येच विचारतो, ‘मग?’ बाकावरच्या जोडीदाराला पाच मिनिटं गोष्ट सांगायची आणि त्याने फक्त ‘मग?’ एवढंच विचारायचं. घरची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेत सांगू द्या. आधी गोष्ट पूर्ण होऊ दे, मराठी वाक्यांना त्यानंतर मदत करता येते.

‘पण एवढा वेळ कुठे आहे?’

हा आक्षेप रास्त आहे. पस्तीस मिनिटांचा तास, पन्नासचा पट, अभ्यासक्रम पुरा करायचा आणि दहावीला शब्दमर्यादा. मी रोज हे करा म्हणत नाही. सत्रात तीन गोष्टी पुरे. एका तासाला चार प्रश्न आणि तोंडी सांगणं, दुसऱ्या तासाला पहिला खर्डा, आठवडाभराने दुसरा खर्डा, तेव्हा शुद्धलेखन, शीर्षक आणि हवंच असेल तर तात्पर्य. मधला आठवडा वाया जात नाही. हेमिंग्वे पुढे काय होणार हे माहीत असतानाच त्या दिवसाचं लिखाण थांबवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या डोक्याने बसावं लागत नसे. मुलांनाही सांगा, अडल्यावर वही मिटू नका, पुढचं सुचलेलं असताना मिटा.

परीक्षेतही याचा फायदाच होतो. मुद्दे दिलेले असले तरी ‘या माणसाला काय हवंय?’ हा प्रश्न तीस सेकंदांत विचारता येतो. त्याने उत्तरात एखादा संवाद येतो, एखादी खरी हालचाल येते. सारख्या चाळीस उत्तरपत्रिका तपासलेल्या परीक्षकाला असं उत्तर वेगळं दिसतंच.

पालकांसाठी

तुमचं मूल रात्री नऊ वाजता ‘उद्या गोष्ट द्यायची आहे’ म्हणत येईल, तेव्हा मोबाइल हातात घ्यायचा मोह होणार. मोबाइल जी गोष्ट देईल ती बिनचूक असेल, पण ती वाघोलीची नसेल आणि तुमच्या मुलाचीही नसेल. शिवाय पुढच्या वेळी ते पुन्हा तिथेच अडेल, कारण अडल्यावर काय करायचं हे ते शिकलेलंच नसेल. त्यापेक्षा पोळ्या लाटता लाटता, गाडी पुसता पुसता एवढंच विचारा : ‘बरं, त्या पोराला काय पाहिजे होतं? मग? मिळालं का?’ तुम्हाला मराठी लिहिता येत नसलं तरी हे प्रश्न येतात. उत्तर देऊ नका, ऐका. दहा मिनिटं लागतील.

आणि तुमच्या स्वतःच्या गोष्टी सांगा. तुम्ही या गावात कसे आलात, पहिली रात्र कुठे काढली, भाड्याची खोली कोणी दिली, कुणी नाकारली. वाघोलीत मूळचे फार थोडे आहेत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घरात अशी एक गोष्ट आहे. ती ऐकलेल्या मुलाला ‘आमच्याकडे काय घडतं?’ असं म्हणायची वेळ येणार नाही.

शिक्षकांना या महिन्यापुरती एकच विनंती. पुढच्या कथालेखनाच्या तासाला मुद्दे देऊ नका, तात्पर्य मागू नका आणि लाल पेन टेबलाच्या खणात ठेवा. फळ्यावर चार प्रश्न लिहा आणि वर्गात फिरा. कुणी ‘पुढे काय लिहू?’ विचारलं तर ‘तिला काय हवंय?’ असं उलट विचारा आणि गप्प उभे राहा. उत्तर यायला थोडा वेळ लागतो. तेवढं थांबलात तर ते बहुतेक वेळा येतं.